'व्हीनिअल' आणि 'क्षम्य' : एका विशेषणाचा अर्थविचार

१

इंग्रजीत अपराधाच्या सौम्यतेचा निर्देश करणारी जी विशेषणे आहेत, त्यांत 'एक्स्क्यूझेबल', 'पार्डनेबल', 'फर्गिव्हेबल' आणि 'व्हीनिअल' ही चार प्रमुख होत. मराठी भाषांतरात या चौघांसाठी बहुधा 'क्षम्य' हा एकच प्रतिशब्द योजला जातो. पहिल्या तिघांच्या बाबतीत ही योजना थोडीफार तरी समर्थनीय ठरेल. परंतु 'व्हीनिअल'च्या बाबतीत ती मूळ अर्थाला बाध आणते. हा केवळ अर्थच्छटेचा प्रश्न असता, तर भाषांतरकाराच्या रुचीवर तो सोडून देता आला असता. वस्तुतः येथे अपराधासंबंधीचे दोन वेगळे निर्णय एकमेकांत मिसळले जातात. 'हा दोष लहान आहे' हा एक निर्णय, आणि 'या दोषाची क्षमा करता येईल' हा दुसरा. पहिला निर्णय दोषाविषयी आहे, दुसरा क्षमा करणाऱ्याविषयी. 'व्हीनिअल' हे विशेषण पहिल्या प्रकारात मोडते आणि 'क्षम्य' दुसऱ्या, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता 'व्हीनिअल' हा शब्द लॅटिन 'वेनिआ' या नामापासून उत्तरकालीन लॅटिनमधील 'वेनिआलिस' या विशेषणाच्या द्वारे सिद्ध झाला असून फ्रेंचमार्गे तो मध्ययुगीन इंग्रजीत आला. 'वेनिआ' म्हणजे अनुग्रह, प्रसाद, सवलत, आणि त्यावरून क्षमा. हे नाम व 'वेनुस' हे प्रेमदेवतेचे नाव एकाच कुळातील आहेत. त्या कुळाचा मूळ इंडो-युरोपीय धातू 'इच्छिणे, प्रेम करणे' या अर्थाचा असून संस्कृतातील 'वन्' व 'वाञ्छ्' हे धातू आणि इंग्रजीतील 'विश' हा शब्द त्याच धातूशी संबद्ध मानले जातात. मराठीतील 'वांछा' हा तत्सम शब्द 'व्हीनिअल'चा दूरचा का होईना, पण नातलग ठरतो.

याच्या अगदी जवळ उच्चारला जाणारा 'व्हीनल' हा शब्द मात्र सर्वस्वी निराळ्या घराण्यातला आहे. त्याच्या मुळाशी 'वेनुम' म्हणजे विक्री हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा संस्कृत सगोत्र 'वस्न', म्हणजे मूल्य, हा ऋग्वेदात आढळतो. 'व्हीनल' म्हणजे विकत घेता येण्याजोगा, म्हणून लाचखाऊ. या दोन शब्दांची गल्लत इंग्रजी लेखनात वारंवार होते आणि शब्दप्रयोगविषयक मार्गदर्शिका तिच्याविषयी सावध करीत असतात. दोघांमधील भेद ओळखण्याची एक व्यावहारिक कसोटी अशी की, 'व्हीनल' हे विशेषण व्यक्तीला सहज लागते, तर 'व्हीनिअल' हे कृत्याला लागते. न्यायाधीश 'व्हीनल' असू शकतो; त्याच्या हातून घडलेली चूक 'व्हीनिअल' असू शकते. पहिला शब्द माणसाच्या शीलाविषयी बोलतो, दुसरा एका कृतीच्या वजनाविषयी. इतिहासात हे दोन शब्द एकदा फार जवळ आले. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने दंडमाफीपत्रांच्या व्यवहाराविरुद्ध आपली मते मांडली, तेव्हा जो अनुग्रह म्हणून द्यावयाचा त्याची विक्री होत आहे, हाच त्याच्या तक्रारीचा एक भाग होता. 'वेनिआ' आणि 'वेनुम' यांची अशी गाठ पडली, तरी शब्द म्हणून त्यांची कुळे वेगळीच राहिली.

व्युत्पत्तीइतकेच महत्त्व शब्दसिद्धीला आहे. 'पार्डनेबल', 'एक्स्क्यूझेबल', 'फर्गिव्हेबल' या तिन्ही शब्दांत क्रियापदाला '-एबल' हा प्रत्यय लागला आहे. हा प्रत्यय शक्यता किंवा योग्यता दाखवितो आणि क्रियेचा कर्ता गृहीत धरतो. कोणीतरी क्षमा करणारा असल्याशिवाय 'पार्डनेबल' या शब्दाला अर्थ नाही. 'व्हीनिअल'मध्ये क्रियापद नाही. तेथे नामाला केवळ संबंधवाचक प्रत्यय लागला आहे. 'वेनिआशी संबद्ध' एवढाच त्याचा घटकार्थ. संबंधवाचक विशेषणे सामान्यतः वर्ग पाडण्याचे काम करतात. 'सागरी', 'वैद्यकीय', 'ग्रामीण' ही विशेषणे ज्याप्रमाणे वस्तूला एका वर्गात बसवितात, त्याप्रमाणे 'व्हीनिअल' दोषाला एका वर्गात बसविते.

या अनुमानाला विरुद्धार्थी शब्दांच्या परीक्षणातून दुजोरा मिळतो. 'पार्डनेबल'चा विरुद्धार्थ नकारवाचक उपसर्ग लावून 'अनपार्डनेबल' असा होतो. 'एक्स्क्यूझेबल' आणि 'फर्गिव्हेबल' यांचीही नकारार्थी रूपे रूढ आहेत. 'व्हीनिअल'चे असे रूप भाषेत रूढ नाही. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'मॉर्टल', म्हणजे प्राणघातक, हा आहे. आणि हा पूर्णपणे भिन्न शब्द आहे. ज्या विशेषणाचा विरोधी दुसऱ्या वर्गाचे नाव असतो, ते विशेषण स्वतःही वर्गाचेच नाव असले पाहिजे.

३

हे वर्गीकरण ख्रिस्ती धर्मशास्त्राने घडविले. सेंट ऑगस्टीनने दैनंदिन जीवनातील हलक्या पापांचा वेगळा विचार केला असून रोजच्या प्रार्थनेने त्यांचे परिमार्जन होते, असे मत मांडले आहे. पुढे तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात या विषयाची जी मांडणी केली, ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही मननीय वाटेल. अक्वायनसच्या मते पापाला 'वेनिआलिस' म्हणण्याचे तीन प्रकार संभवतात. पश्चात्तापामुळे ज्याची क्षमा झाली, ते परिणामतः 'वेनिआलिस'. अज्ञान किंवा दुर्बलता यांमुळे घडले, ते कारणतः 'वेनिआलिस'. आणि स्वरूपतःच जे मनुष्याला त्याच्या अंतिम ध्येयापासून तोडत नाही, ते जातितः 'वेनिआलिस'. निरर्थक बडबड हे या तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय. प्राणघातक पाप आत्म्याचे ईश्वराशी असलेले प्रेमाचे नाते नष्ट करते. 'वेनिआलिस' पाप ते नाते दुखविते, पण तोडत नाही.

या भेदाला व्यावहारिक परिणामही होते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम घालून दिला. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने असे स्पष्ट केले की, प्राणघातक पापांचे निवेदन आवश्यक आहे. 'व्हीनिअल' पापांचे निवेदन हितकर असले तरी अनिवार्य नाही. म्हणजे या विशेषणाने ज्या दोषांचा निर्देश होई, त्यांसाठी क्षमेची विशिष्ट याचना करणे बंधनकारक नव्हते. जो दोष 'क्षमा करण्याजोगा' म्हणून आपण भाषांतरित करतो, तो वास्तविक क्षमेचा औपचारिक विधी न करताही निभावून जाणारा दोष होता.

अक्वायनसने एका शब्दात सामावलेले तीन अर्थ आधुनिक इंग्रजीने स्थूलमानाने तीन शब्दांत वाटून दिलेले दिसतात. कारणतः सौम्य ठरणाऱ्या कृत्याला 'एक्स्क्यूझेबल' हा शब्द लागू पडतो. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'काउसा' म्हणजे आरोप किंवा खटला. आरोपातून बाहेर काढणे हा त्याचा मूळ भाव. क्षमा करणाऱ्याच्या औदार्यावर जे अवलंबून आहे, ते 'पार्डनेबल' किंवा 'फर्गिव्हेबल'. दोन्हींच्या मुळाशी 'देणे' हीच क्रिया आहे. आणि स्वरूपतःच लहान ते 'व्हीनिअल'.

इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात यांपैकी पहिल्या दोघांचा संबंध उद्बोधक आहे. ब्लॅकस्टनने १७६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाष्याच्या चौथ्या खंडात मनुष्यवधाचे समर्थनीय, 'एक्स्क्यूझेबल' व गुन्हेगारी असे तीन प्रकार केले. अपघाताने किंवा आत्मरक्षणार्थ झालेला वध दुसऱ्या प्रकारात येई. परंतु १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्यानुसार अशा माणसालाही राजाच्या क्षमेची वाट पाहावी लागे, आणि मालमत्ता जप्त होण्याचा नियम कागदोपत्री तरी १८२८ पर्यंत टिकून होता. दोष जवळजवळ नाही, तरी क्षमा हवी, अशी ही स्थिती होती. यावरून क्षमेची आवश्यकता आणि दोषाचे वजन या दोन बाबी परस्परांवर अवलंबून नाहीत, हे स्पष्ट होते.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ च्या आपल्या प्रसिद्ध अध्यक्षीय व्याख्यानात समर्थन आणि सबब यांतील भेद विशद केला. समर्थन करणारा जबाबदारी पत्करतो, पण कृत्य वाईट होते हे नाकारतो. सबब सांगणारा कृत्य वाईट होते हे मान्य करतो, पण संपूर्ण जबाबदारी पत्करत नाही. ही विभागणी मार्मिक आहे. तथापि 'व्हीनिअल' या दोहोंतही बसत नाही. 'व्हीनिअल' दोषात कृत्य वाईट होते हे मान्य असते, कर्त्याची जबाबदारीही मान्य असते. केवळ त्या वाईटपणाचे परिमाण अल्प आहे, एवढाच दावा असतो. नैतिक शब्दसंग्रहात या शब्दाची जागा दुसऱ्या कोणत्याही शब्दाने भरून निघत नाही, ती या कारणाने.

४

परिमाण अल्प आहे हे ठरवावयाचे कोणी, हा प्रश्न या शब्दाच्या पाठोपाठ येतो आणि त्यातच या शब्दाचा धोकाही आहे. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील धर्मोपदेशक आपल्या कथेत, जी वस्तुतः पश्चात्तापावरील निबंधच आहे, लहान पापांविषयी इशारा देतो. एखादे गलबत प्रचंड लाटेने बुडते, तसेच फटीतून झिरपणाऱ्या थेंबांनीही बुडते, असा त्याचा दृष्टान्त आहे. मराठीत 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण संचयाच्या कौतुकासाठी वापरतात. येथे त्याच थेंबांची भीती घातली आहे. सोळाव्या शतकात काल्व्हिनने हा वर्गभेदच अमान्य केला. त्याच्या मते प्रत्येक पाप स्वभावतः प्राणघातकच होय. १६५६-५७ मध्ये पास्कालने आपल्या 'प्रोव्हिन्शिअल लेटर्स'मधून, पापांचे वजन कुशल युक्तिवादाने हलके करणाऱ्या धर्मशास्त्र्यांवर कठोर उपरोध केला. वर्ग असला की त्यात नको ती वस्तू ढकलण्याचा मोह होणारच.

शेक्सपिअरने या मोहाचे नाट्यरूप दाखविले आहे. 'ऑथेल्लो'च्या चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात इआगो ऑथेल्लोसमोर एक कल्पित चित्र उभे करतो : मनात काही वाईट नसताना एखादी स्त्री आपल्या मित्रासमवेत विवस्त्र पहुडली तर? ऑथेल्लो या कल्पनेनेच व्याकूळ होतो. तेव्हा इआगो म्हणतो की, त्यांनी प्रत्यक्षात काही केले नाही, तर ती 'व्हीनिअल' चूक होय. आणि लगेच तो रुमालाच्या गोष्टीकडे वळतो. 'हा दोष लहान आहे' या विधानात दोषाचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. विधान मान्य करा किंवा नाकारा, गृहीतक मात्र तसेच राहते. इआगो दोष लहान ठरविण्याचा आव आणतो आणि त्याच विशेषणाच्या आधारे तो दोष घडला असल्याची समजूत ऑथेल्लोच्या मनात रुजवितो. ज्याची पत्नी आहे, त्याच्याऐवजी हा तिऱ्हाईत वजनकाटा हाती घेतो, हेही विसरता येत नाही. धर्मोपदेशकाच्या तोंडचा शब्द मोहात पाडणाऱ्याच्या तोंडी गेला आहे.

१८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी या नाटकाचे मराठी भाषांतर केले आणि १८९० मध्ये देवलांचे 'झुंझारराव' हे रूपांतर आले. तेव्हापासून हे नाटक मराठी वाङ्मयाशी निगडित आहे. आज या स्थळाचे नवे भाषांतर करणाऱ्याने येथे 'क्षम्य' हा शब्द योजला, तर अर्थ कसा बदलेल, हे पाहण्यासारखे आहे. 'क्षम्य' म्हणताच क्षमा करणारा म्हणून ऑथेल्लो पुढे येतो. जणू इआगो त्याला उदार होण्याचा सल्ला देत आहे. मुळात इआगो ऑथेल्लोचा हा अधिकारच विचारात घेत नाही. तो प्रकरणाचे वजन परस्पर सांगून मोकळा होतो. 'किरकोळ' हे विशेषण आणि 'पाऊल घसरणे' हा वाक्प्रचार यांच्या योगाने मूळ अर्थाच्या बरेच निकट जाता येईल. कारण 'किरकोळ'मध्ये क्षमेचा उल्लेख नाही, केवळ परिमाणाचा आहे, आणि 'पाऊल घसरणे' यात दोष घडल्याचे गृहीतकही शाबूत राहते.

मिल्टनने 'पॅरडाइज लॉस्ट'च्या नवव्या सर्गाच्या आरंभी हे विशेषण मानव आणि देवदूत यांच्या संभाषणाला लावले आहे. पतनापूर्वीच्या त्या अवस्थेत दोष मुळातच नाही. म्हणून तेथे अर्थ होतो 'अनुज्ञात', 'ज्याला हरकत नाही असे'. हा अर्थ पुढे लुप्त झाला. परंतु 'वेनिआ'तील अनुग्रहाची छटा किती टिकून होती, याचा तो पुरावा आहे. येथे तर 'क्षम्य' हा प्रतिशब्द सर्वथा असंभव ठरतो.

५

आता 'क्षम्य'कडे वळले पाहिजे. संस्कृत 'क्षम्' धातूचा मूळ अर्थ सहन करणे. 'क्षमा' हे पृथ्वीचेही नाव आहे आणि 'क्षम' म्हणजे समर्थ. सहन करण्याचे सामर्थ्य ज्याच्या ठायी आहे, तो क्षमा करतो. 'क्षम्य' हे यत्-प्रत्ययान्त रूप असून कृत्य प्रत्ययांच्या सामान्य स्वभावानुसार त्यात शक्यता आणि योग्यता हे दोन्ही भाव आहेत. म्हणजे शब्दाचे केंद्र सहन करणाऱ्याच्या ठिकाणी आहे. मराठीच्या प्रत्यक्ष वापरात हा शब्द नकारार्थी रूपात विशेष नांदतो : 'अक्षम्य हलगर्जीपणा', 'अक्षम्य दुर्लक्ष', 'अक्षम्य अपराध'. या प्रयोगांत बोलणाऱ्याच्या सहनशक्तीचा अंत झालेला असतो. मराठीतील इतर वाक्प्रचारही याच दिशेचे आहेत. अपराध 'पोटात घालणे' ही घालणाऱ्याच्या उदरतेची गोष्ट आहे. 'कानाडोळा करणे' ही पाहणाऱ्याची. आणि 'सात खून माफ' या उपरोधिक प्रयोगात तर दोषाचे वजन अगदीच गैरलागू होऊन केवळ माफ करणाऱ्याची मर्जी उरते.

यावर उपाय म्हणून धर्मशास्त्रातील 'महापातक' आणि 'उपपातक' ही जोडी 'मॉर्टल' व 'व्हीनिअल' यांसाठी वापरावी, अशी सूचना कोणास सुचेल. ती स्वीकारार्ह नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातील उपपातकांत गोवध, परदारागमन, आई-वडिलांचा व गुरूचा त्याग यांचा समावेश आहे, आणि गोवधासाठी तीन महिन्यांचे कडक प्रायश्चित्त सांगितले आहे. म. म. पां. वा. काणे यांनी 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या १९५३ मधील चौथ्या खंडात पातक आणि प्रायश्चित्त यांचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, तो पाहिल्यास ही श्रेणी किती गुंतागुंतीची आहे, हे ध्यानात येते. ही श्रेणी प्रायश्चित्ताच्या मानाने लावलेली आहे. ख्रिस्ती भेद आत्म्याच्या अवस्थेच्या मानाने. 'उप' या उपसर्गाने दोष लहान झाल्यासारखा भासतो, पण तो 'व्हीनिअल' होत नाही.

मराठीत 'व्हीनिअल'च्या कल्पनेशी खरे साम्य असलेली जागा शास्त्रग्रंथांत नसून हिशेबाच्या कागदावर आहे. यादीच्या अखेरीस लिहिले जाणारे 'चू. भू. द्या. घ्या.', म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी, हे सूत्र पाहावे. त्यात क्षमेची याचना नाही आणि सबबही नाही. काही चुका मानवी व्यवहारात होणारच, त्यांची भरपाई परस्परांनी करून घ्यावयाची, एवढे त्यात आधीच मान्य केलेले असते. ऑगस्टीनने ज्या प्रार्थनेचा आधार दैनंदिन पापांसाठी घेतला, तीतही क्षमा मागणे आणि क्षमा करणे ही एकत्र गुंफलेली आहेत, हा योगायोग लक्षणीय आहे. शिवाय या सूत्राला मर्यादाही आहे. बेरजेतील चूक त्यात बसते. मुद्दाम केलेली खोटी नोंद बसत नाही. कागदाच्या तळाशी ही चार अक्षरे आहेत म्हणून अफरातफर कोणी खपवून घेत नाही. इआगोचा शब्दच्छल नेमका या मर्यादेचा भंग करणारा आहे.

तेव्हा भाषांतरकाराने कोणता एकच शब्द स्वीकारावा, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती धर्मविचाराच्या संदर्भात 'लघुपाप' यासारखी वर्गवाचक संज्ञा योजावी. लौकिक संदर्भात 'किरकोळ', 'क्षुल्लक' यांपैकी प्रसंगाला साजेल ते विशेषण घ्यावे. मिल्टनच्या स्थळी 'अनुज्ञात' म्हणावे. शासकीय मराठीने 'विलंब क्षमापित करणे' असा प्रयोग रूढ करून क्षमेच्याच धातूतून एक स्वतंत्र पारिभाषिक अर्थ वेगळा काढला आहे; भेद आवश्यक वाटला की भाषा तो करू शकते, याचे ते निदर्शक आहे. 'क्षम्य' हा शब्द मात्र जेथे क्षमा करणारी व्यक्ती वाक्यात किंवा प्रसंगात उभी आहे, तेथेच राखून ठेवावा.

असे केल्याने मराठी वाचकाच्या हाती तीन प्रश्न वेगवेगळे राहतील : दोष केवढा आहे, तो करणाऱ्याकडे किती दोष जातो, आणि ज्याचे नुकसान झाले तो काय करू इच्छितो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिऱ्हाईतही देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर पुराव्याने द्यावे लागेल. तिसऱ्याचे उत्तर देण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचाच आहे. आणि लहान चुकीला 'क्षम्य' म्हणणारा लेखक नकळत तो अधिकार त्याच्या वतीने वापरून टाकतो.